काका, पान अजून मिठापासूनच सुरू होतं

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय पण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, आता थांबवू शकणार नाही. आतलं काही लिहिणार नाही, काळजी नसावी. जे कुठेही उघड आहे तेवढंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लंडनला आलो तेव्हा तिसाव्या वर्षी होतो, दोन वर्षांनी ऑफिसमधल्या एका सहकाऱ्यामुळे इथल्या एका फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे ठरलेले विधी करून सभासद घेणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेच्या शाखेत गेलो. घरी सांगितलं तर आईला वाटलं कुठल्यातरी पंथात अडकलो. तिचंही चूक नाही, आपल्याकडे मेसन हॉलला लोक जादूघर म्हणायचेच की. आणि तिथे गेल्यावर कळलं की जादूबिदू काही नाही, पाठांतर आहे! पानंच्या पानं जुनं इंग्रजी, ते न बघता, उभं राहून, समोरच्या माणसाच्या डोळ्यात बघून म्हणायचं. माझं इंग्रजी म्हणजे ईमेलपुरतं. मी सोडून द्यायच्या बेतात होतो आणि तेव्हा कोणीतरी म्हणालं की सोमवारी संध्याकाळी वर छोट्या खोलीत ये, लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन असतं, म्हणजे विधींच्या तालमीचा वर्ग, तिथे तुझ्याच गावाकडचे एक गृहस्थ शिकवतात.

पाच माणसं, एक हीटर, डुगडुगणारी टेबलं. आणि प्रीसेप्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या खुर्चीत तुम्ही. पहिलं वाक्य मराठीत बोललात, "संथा घेतली आहेस का कधी?" मी म्हटलं मुंजीत घेतली होती तेवढीच. तर म्हणालात, "मग झालं, तेच इथे."

काका, तुमच्या त्या "तेच इथे" मुळे मी टिकलो.

मला शब्द तर शिकवलेतच पण हे शिकवणं कुठून आलं ते सांगितलंत, त्याबद्दल जास्त आभार मानायचेत. प्रॅक्टिस झाल्यावर खुर्च्या रचताना तुम्ही थोडं थोडं सांगायचात आणि मी स्टेशनवर जाईपर्यंत तेच डोक्यात घोळवायचो. की इंग्लंडात एकेकाळी दोन ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजांवरच्या मुख्य संस्था होत्या, एक १७१७ पासूनची आणि दुसरी १७५१ मध्ये उभी राहिलेली, आणि ती दुसरी उभी करणाऱ्यांत लंडनला पोटापाण्यासाठी आलेली आयरिश माणसं बरीच होती, ज्यांना पहिल्या मंडळींत जागा मिळेना. हे सांगताना तुम्ही माझ्याकडे बघून नुसते हसला होतात. साठ वर्षं दोन्हीकडची पद्धत वेगळी, शब्द वेगळे, एकमेकांना मानत नव्हते. मग २७ डिसेंबर १८१३ ला दोन्ही एक झाल्या, दोन्हीकडे राजघराण्यातले सख्खे भाऊ ग्रँड मास्टर होते, ड्यूक ऑफ ससेक्स आणि ड्यूक ऑफ केंट. कागदावर एकी झाली पण विधी कुणाचा धरायचा? त्यासाठी दोन्हीकडचे नऊ नऊ जाणकार घेऊन लॉज ऑफ रिकन्सिलिएशन बसवली. त्यांनी जुळवून आणलेलं १८१६ च्या जूनमध्ये थोड्या दुरुस्त्यांसह मान्य झालं.

आणि आता तुमचा आवडता भाग. हे सगळं लिहून ठेवायला बंदी! म्हणजे एवढी मेहनत करून ठरवलेले शब्द, आणि ते जपायला एकच जागा, माणसाचं डोकं. करून दाखवायचं, बघणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं आणि आपापल्या लॉजमध्ये जाऊन सांगायचं. विसरलं तर गेलं. म्हणूनच शिकवणारे गट लागले. १८१७ मध्ये स्टॅबिलिटी लॉज ऑफ इन्स्ट्रक्शन, आणि २ ऑक्टोबर १८२३ ला एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट, जिची पद्धत आपण वापरतो. सुरवातीला तिथे भर लेक्चर्सवर होता, म्हणजे प्रश्नोत्तरं, पहिल्या लेक्चरचे सात भाग, दुसऱ्याचे पाच, तिसऱ्याचे तीन. विधींची तालीम नंतर आली. १८२५ मध्ये पीटर गिल्क्स त्यात आले आणि १८३३ ला जाईपर्यंत शिकवत राहिले. तुम्ही त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचात, गाणारे लोक उस्तादांचं नाव घेताना लावतात तसा. मला तेव्हा ते जरा जास्तच वाटायचं, आता नाही वाटत. एम्युलेशनच्या कमिटीने आपलं अधिकृत पुस्तक छापलं ते थेट १९६९ मध्ये. त्याआधी इतरांची छापील पुस्तकं निघाली होती, क्लॅरेट यांचं १८३८ सालचं वगैरे, पण खुद्द एम्युलेशनने जवळजवळ दीडशे वर्षं तोंडातून कानात, तोंडातून कानात असंच चालवलं. वेदपाठशाळा आणि ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसन्स हॉल यांच्यात काही नातं नाही हे मला माहितीये, पण आपल्याला ते लगेच कळतं एवढं नक्की.

तुम्ही मला एका शुक्रवारी त्या हॉलमध्ये घेऊन गेलात ते आठवतंय ना. १९३३ ची ती प्रचंड इमारत, पहिल्या महायुद्धात गेलेल्या मेसन लोकांचं स्मारक म्हणून बांधलेली, आणि आत एम्युलेशनची मंडळी काम करतायत. एक शब्द इकडचा तिकडे झाला की लगेच दुरुस्ती, न रागावता, न थांबता. आणि जो पूर्ण विधी एकाही दुरुस्तीशिवाय करेल त्याला चांदीची काडेपेटी. १८९७ पासूनची प्रथा. परत येताना ट्यूबमध्ये मी विचारलं तुम्हाला मिळाली का, तर म्हणालात, "एका शब्दाने हुकली. पण तो शब्द आता मरेपर्यंत चुकणार नाही." दुःखाने नाही म्हणालात. मला त्या दिवशी तुम्ही का असे शिकवता ते कळलं.

तुमची शिकवायची पद्धत लिहून ठेवतोच. शेवटचा परिच्छेद आधी पाठ करायचा, म्हणजे बोलताना आपण ओळखीच्या रस्त्याकडे चालत जातो. चालता चालता म्हणायचं, बसून नाही. अर्थ मराठीत कळल्याशिवाय इंग्रजी तोंडी लावायचं नाही. आणि प्रॉम्प्ट, म्हणजे अडलेल्याला शब्द पुरवणं, तो तर तुमच्याकडूनच शिकावा. "थांबला म्हणजे विसरला असं नाही, श्वास घेत असेल, आपण मधे पडायचं नाही," असं सगळ्यांना बजावायचात.

नव्या मेसनला सांगायचा तो मोठा चार्ज, म्हणजे उपदेश, मला दिला होता. त्यात चार सद्गुण ओळीने येतात, प्रूडन्स, टेम्परन्स, फॉर्टिट्यूड, जस्टिस. माझं दर वेळी दुसरं तिसरं उलटं व्हायचं. दर वेळी! तीन सोमवार झाले तरी तेच. तेव्हा तुम्ही बायबलाखालून एक कोरा कागद काढला आणि त्यावर पेन्सिलने केळीचं पान काढलंत. "वाढायला सुरवात कुठून करतोस?" मीठ. "मग?" लिंबू, चटणी, कोशिंबीर. "मीठ म्हणजे प्रूडन्स, बेताने. लिंबू टेम्परन्स, पिळायचं पण जपून. चटणी खायला फॉर्टिट्यूड लागतं. कोशिंबीर सगळ्यांना सारखी, जस्टिस." बाकीचे चौघं इंग्रज बघतच राहिले, मग त्यांना समजावलंत, तेव्हापासून त्यातला एक जण अजून लेमन म्हणून हळूच पुटपुटतो आणि पुढचा शब्द बरोबर घेतो.

प्रत्यक्ष लॉजच्या रात्री मात्र मी भलतीकडेच अडकलो. चारही सद्गुण नीट गेले आणि शेवटाला, म्हणजे जो आधी पाठ केला होता तिथे, समोर अंधार. समोर तो नवीन मुलगा बिचारा माझ्याकडे बघतोय. हॉलमध्ये साठ माणसं. मी थांबलो, आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं काका झोपले की काय. मान वळवली नाही पण डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तुम्ही पुढे वाकून माझा श्वास बघत होतात. मी श्वास सोडला तेव्हा फक्त एक अक्षर आलं तुमच्याकडून, अख्खा शब्दही नाही. आणि पुढचं सगळं धडाधड आलं. फेस्टिव्ह बोर्डला, म्हणजे नंतरच्या जेवणाला, तो मुलगा येऊन म्हणाला, मधे थांबलात ना तिथे मला खूप भरून आलं. त्याला काय माहीत.

काका, ते एक अक्षर माझ्यावर उधार आहे.

तुम्ही नेहमी सांगायचात ना, मुंबईत माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना लॉजमध्ये घेतलं नाही म्हणून ते पॅरिसला जाऊन मेसन झाले, आणि मग १८४३ मध्ये डॉक्टर जेम्स बर्न्स यांनी भारतीयांना दार उघडणारी रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया ही लॉज काढली. ही गोष्ट तुम्ही प्रत्येक नवीन माणसाला सांगायचात, गोऱ्यालाही. आता मी सांगतो. तुमच्याइतकी चांगली नाही सांगता येत अजून, तारखांमध्येच अडकतो.

तुम्ही पुण्याला गेल्यावर खुर्ची रिकामी ठेवायची असं दोन महिने चाललं होतं, मग सगळे म्हणाले तू बस. बसतोय. हीटर तोच आहे. केळीचं पान काढलेला कागद मी लॅमिनेट करून घेतलाय, राग येणार नाही अशी आशा. या सोमवारी एक नवीन मुलगी, म्हणजे एका मेंबरची बायको, खाली चहाला थांबली होती, ती विचारत होती वरून मराठीत कोण काय पुटपुटतं. मी म्हटलं मीठ, लिंबू, चटणी.

तुमची चष्म्याची डबी कपाटात राहिलीये, डिसेंबरात येतोय तेव्हा आणतो. तिकडे संध्याकाळी तिसऱ्या लेक्चरचे तीन भाग ऐकवायला वेळ काढा, दुसरा मला अजून नीट येत नाही.

तुमचा,
सोमवारच्या खोलीतला