नातीच्या शिक्षणासाठी परदेशी फंड घेण्यापूर्वी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोटो काढून पाठवलेला योजनेचा कागद मी दोनदा नीट वाचला. मुदत ठेवीतून मोकळे झालेले ५ लाख रुपये नातीच्या पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या कंपन्यांत गुंतवावेत, हा तुमचा विचार मला मनापासून पटतो. ती परदेशी शिकायला गेली तर दहा वर्षांनी फी डॉलरमध्ये भरावी लागेल, आणि २०१३ मध्ये ६८ रुपयांवर गेलेला डॉलर २०२२ मध्ये ८० च्या पुढे गेलेला आपण पाहिला आहे. मात्र कागदावर सुचवलेली इंडेक्स फंडाची योजना घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तळाशी बारीक अक्षरात छापलेले आहे: वार्षिक खर्च एक टक्का.

इंडेक्स फंडात कोणता शेअर घ्यायचा हे कोणालाच ठरवायचे नसते. एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात आहेत, त्या त्याच प्रमाणात घेऊन ठेवायच्या असतात. त्यामुळे एकाच निर्देशांकाच्या दोन फंडांत माल तोच असतो आणि फरक मुख्यतः खर्चाचा उरतो. तुम्हाला सुचवलेला रेग्युलर प्लॅन आहे, म्हणजे एजंटचे कमिशन दरवर्षी आपल्याच पैशातून जात राहणार. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाला कमिशन नसलेला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागतो. निर्देशांक वर्षाला १० टक्के वाढला असे धरले, तर एक टक्का खर्चाने ५ लाखांचे दहा वर्षांत सुमारे ११ लाख ८४ हजार होतात आणि अर्धा टक्का खर्चाने १२ लाख ३९ हजार. हा पन्नास हजारांहून अधिकचा फरक नातीच्या वाट्याचा आहे. तुमच्या एजंटांनी आपल्याला अडीअडचणीला मदत केली आहे हे मी विसरलेले नाही, पण त्यासाठी हा प्लॅन घ्यावा असे मला वाटत नाही.

फंड परदेशी ईटीएफमध्ये (शेअर बाजारात शेअरसारखा विकत घेता येणाऱ्या फंडात) पैसे घालणारा 'फंड ऑफ फंड्स' असेल, तर त्या ईटीएफचा खर्चही वेगळा लागतो, म्हणून दोन्ही मिळून आकडा पाहावा. शिवाय फंडाचा परतावा निर्देशांकाच्या रुपयांतल्या, लाभांश धरून काढलेल्या परताव्यापेक्षा दरवर्षी किती मागे राहिला, हेही तपासावे.

येथे माझी एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. मी शेअर बाजारातून असाच एक ईटीएफ केवळ खर्च कमी आहे म्हणून घेतला. रात्री त्याची एनएव्ही, म्हणजे एका युनिटमागच्या मालाचे मूळ मूल्य, आणि मी दिलेला भाव शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा कळले की १०० रुपयांच्या मालाला मी ११२ रुपये मोजले होते. भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती पैसे न्यायचे याला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे आणि परदेशी ईटीएफसाठी १ अब्जची वेगळी. मर्यादा भरत आली की नवी युनिट्स तयार होणे थांबते, घेणारे मात्र येतच राहतात आणि बाजारभाव मूळ मूल्याच्या वर चढतो. याच मर्यादेमुळे २०२२ च्या सुरुवातीला अनेक फंडांनी नवे पैसे घेणे बंद केले होते. म्हणून आपण फंड हाऊसकडूनच, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपनीकडूनच, त्या दिवशीच्या एनएव्हीने घेऊ, आणि फंड खुला आहे ना हे आधी पाहू.

नॅस्डॅक १०० या अमेरिकेतल्याच दुसऱ्या निर्देशांकाचा परतावा डोळ्यांत भरतो, पण त्यात बँका व वित्तीय कंपन्या घेतच नाहीत आणि भार मोजक्या तंत्रज्ञान कंपन्यांवर असतो. नातीच्या पैशासाठी मला ५०० कंपन्यांचा निर्देशांक बरा वाटतो. तोही घसरतोच. जपानच्या निक्केई निर्देशांकाला १९८९ अखेरची पातळी पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. म्हणून एकरकमी न भरता दरमहा २५ हजार याप्रमाणे वीस महिन्यांत भरावेत, आणि ती दहावीत गेली की थोडे थोडे काढून मुदत ठेवीत आणावेत. आजच्या नियमाने चोवीस महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो.

आई, खाते दोघांच्या नावे उघडायचे आहे, तेव्हा तुझे पॅन कार्ड शोधून ठेव. त्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळते का तेही पाहा. बाबा, मी रविवारी येते आहे. तोपर्यंत त्या अर्जावर सही करू नका.

तुमची लेक