रविवारच्या उर्राक (काजूच्या बोंडांची हंगामी दारू) ट्रिपबद्दल, सगळ्यांनी वाचा

मंडळी, रविवारी सकाळी ७ ला पणजीच्या कदंबा बसस्टँडजवळ भेटायचंय, ७.१५ ला गाडी सुटणार म्हणजे सुटणारच, कारण दारूच्या भट्टीवर बोंडू (काजूची फळं) तुडवायचं काम सकाळीच असतं आणि त्याचा ताजा रस, म्हणजे निरो, प्यायला मिळाला पाहिजे, उन्हं चढली की तो आंबायला लागतो. उर्राक फक्त मार्च ते मेच मिळते, नंतर वर्षभर विसरा. एकदाच गाळलेली, अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास, लिंबू सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकली की गोड लागते आणि पटापट जाते, म्हणूनच सांगतोय की पोटात काहीतरी घालून या. फेणी परत गाळलेली असते, ४२ च्या वर, दोन्ही एकत्र पिऊ नका प्लीज. गाडी चालवणाऱ्यांनी निरोवरच थांबायचं, यावर चर्चा नाही.

जेवण तिथल्याच घरी आहे, उकडा भात, हुमण (माशांची आमटी), सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी. मावशी आदल्या दिवशी बाजार करतात तेव्हा शुक्रवार रात्रीपर्यंत नक्की आकडा द्या. मागच्या वेळी सहाजण आलेच नाहीत, एवढे मासे उरले, फार वाईट वाटलं. शाकाहारी असाल तर वेगळं कळवा, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) करून देतील. बाटली न्यायची असेल तर घट्ट बुचाची आणा.