यागींबरोबर उदांचेही नाव छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घराच्या छपरावरच्या जुन्या टीव्ही अँटेनाविषयी चौकट आली होती. अँटेनाच्या सगळ्या दांड्या मिळून लहरी ओढून घेतात आणि हा शोध जपानच्या यागी यांनी लावला, असे त्यात म्हटले आहे. १९७९ पासून जवळजवळ सतरा वर्षे मी पुण्यात घरोघरी अँटेना बसवले. माझ्या पोटापाण्याची ही वस्तू. म्हणून या दोन्ही वाक्यांची दुरुस्ती व्हावी, असे मनापासून वाटते.

आधी दांड्यांचे सांगतो. टीव्हीची चपटी वायर जोडलेली असते ती एकाच दांडीला. लांबट कड्यासारखी वळवलेली असते ती. तिच्या मागची लांब दांडी आणि पुढच्या आखूड दांड्या यांना वायरच नसते. कित्येक गिऱ्हाइके विचारायची, "यांना वायर लावायची राहिली का हो?" काही राहिलेले नसे. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या त्या, पण त्यांच्या लांबीत आणि अंतरात सगळे आहे.

हे मला कळले ते १९८१ च्या पावसाळ्यात. शनिवार पेठेत एका वाड्यावरच्या अँटेनाची, कड्याच्या अगदी पुढची दांडी वाऱ्याने मोडली होती. जवळ सुटी दांडी नव्हती, म्हणून मी पडद्याची नळी बसवली. ती कड्यापेक्षाही लांब होती; लांब आहे तर जास्तच ओढेल, असा माझा हिशेब. खाली टीव्हीवर नुसत्या मुंग्या! आमचे मालक वर आले, शेजारच्या आखूड दांडीचे माप सुतळीने घेतले आणि नळी तेवढी ठेवून बाकीची हॅकसॉने कापून टाकली. चित्र लख्ख आले. कापलेला तुकडा माझ्या हातात देत ते म्हणाले, "पुढे लांब दांडी लावलीस म्हणजे भिंत बांधलीस."

त्या 'भिंतीचा' अर्थ पुढे पुस्तके वाचून उमगला. लहर येते तेव्हा प्रत्येक नळीत विजेचा बारीक प्रवाह मागेपुढे हलू लागतो आणि ती नळी स्वतःही लहर सोडू लागते. नळी साधारण अर्ध्या लहरीएवढी असेल, तर हा प्रवाह येणाऱ्या लहरीच्या तालात हलतो. थोडी लांब असेल तर तो तालाच्या मागे पडतो, आखूड असेल तर पुढे धावतो. झोक्याला वेळेवर धक्का दिला तर तो चढतो, तेवढ्याच जोराचा धक्का अवेळी दिला तर थांबतो, तसेच हे. मागची लांब दांडी आणि पुढच्या आखूड दांड्या अशा मापाने बसवतात, की समोरून आलेल्या लहरीचे सगळे धक्के कड्याशी एका वेळी पोचावेत आणि पाठीमागून आलेल्या लहरीचे एकमेकांना मारावेत. १०० मेगाहर्ट्‌झची लहर ३ मीटरची, म्हणजे कडे सुमारे दीड मीटरचे. मागची दांडी त्याहून पाचेक टक्के लांब, पुढच्या साधारण तितक्याच आखूड. चार बोटांचा काय तो फरक! हाच अँटेना लहरी सोडायला लावला, तर त्याही त्याच एका दिशेला जोरात जातात.

पुण्यात १९७३ पासून मुंबई दूरदर्शनच्या कार्यक्रमांचे सहक्षेपण सिंहगडावरून होत असे, त्यामुळे शहरातले सगळे अँटेना नैर्ऋत्येकडे तोंड करून असत. पण नेमके तिकडेच रोखले म्हणजे काम झाले, असेही नसे. नदीकाठच्या एका घरी समोरच्या उंच इमारतीवर आपटून आलेल्या लहरीने पडद्यावर प्रत्येक माणसामागे त्याची सावली दिसायची. अँटेना सिंहगडावरून थोडा बाजूला फिरवला, दांड्यांची टोके त्या इमारतीकडे आली आणि सावली गेली, कारण टोकांच्या दिशेने अँटेना जवळजवळ बहिरा असतो. आवाज कुठून नको, हे ठरवण्यात आमची खरी कारागिरी होती.

आता नावाचे. जपानमधल्या सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात हिदेत्सुगु यागी प्राध्यापक होते आणि शिंतारो उदा त्यांचे सहकारी. दांड्यांची लांबी-अंतरे बदलून पाहण्याचे चिकाटीचे काम उदांनी केले आणि १९२६ पासून ते जपानी भाषेत छापले. पेटंट मात्र एकट्या यागींच्या नावे झाले. १९२८ मध्ये यागींनी इंग्रजीत लेख लिहिला, त्यात उदांचे श्रेय त्यांनी दिले होते. तरी इंग्रजी वाचणाऱ्या जगाने एकच नाव उचलले. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती ब्रिटिश रडारची टिपणे लागली. त्यातला 'यागी' हा शब्द त्यांना कळेना. तो तुमच्याच माणसाच्या नावाचा अँटेना आहे, हे त्यांना ब्रिटिश कैद्याने सांगितले, अशी हकिकत आहे. म्हणजे मायदेशातही या शोधाची कदर नव्हती, आणि शत्रूकडून परत आले तेही एकच नाव.

उदा १९५० च्या दशकात आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत येऊन काम करून गेले. यागी आणि उदा दोघेही १९७६ मध्ये वारले. रेडिओ कॉलर लावलेल्या वाघाचा माग काढताना वनकर्मचारी हातात धरून फिरवतात तो छोटा अँटेना याच दोघांचा. 'बीप' जिकडे मोठी ऐकू येते, तिकडे वाघ. या शोधाला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. निदान या निमित्ताने तरी मराठी वर्तमानपत्रात 'यागी-उदा' असे जोडनाव छापले जावे.

त्याच चौकटीच्या जागी दुरुस्ती दिलीत तर आभारी राहीन. माझ्या माळ्यावर पाच दांड्यांचा एक जुना अँटेना आहे, कडे शाबूत असलेला. छायाचित्रासाठी हवा असल्यास तो आपल्या कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक जुना अँटेना-कारागीर, नारायण पेठ, पुणे