रोपांसाठी आभार, काका

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की ‘त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही विषय मिरचीवरच्या फुलकिड्यांकडे नेता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं पत्र.

आपल्या इमारतीत ना मोकळी गच्ची, ना शेडनेटला जागा. जुलैत आभाळ दिवसभर भरलेलं आणि गॅलरीत पावसाची झड. अशा दिवसांत टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं घरात होतात, आणि तीही ठेंगणी, जाड देठाची होतात, हे तुमच्यामुळे बघायला मिळालं.

तुम्ही आलात ते आधी खिडकीशी जाऊन उभे राहिलात. ‘आपल्याला लख्ख वाटतं, रोपाला पुरत नाही,’ म्हणालात, आणि मांडणीच्या फळीखाली पांढरी एलईडी ट्यूब बसवून दिलीत. शेंड्यापासून जेमतेम चार बोटं वर. ट्रेखाली विटा; रोप वाढेल तशी एकेक वीट काढायची. दिवसाचे चौदा ते सोळा तास ट्यूब चालू, रात्री पूर्ण बंद. कोंब वर दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात, कारण उगवल्यावर अंधारात राहिलेलं रोप उजेड शोधत लांबतं आणि मग मान टाकतं. हे कारण समजावून सांगितलंत, त्याचं मला फार मोल आहे. नुसत्या सूचना मी विसरले असते.

पाणी वरून नाही, परातीतून. प्रोट्रे, म्हणजे रोपांचा खळग्यांचा ट्रे, दहा-पंधरा मिनिटं परातीत ठेवायचा, त्यातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) खालून ओल ओढून घेतं, मग उचलून निथळू द्यायचा. पुढचं पाणी कधी, तर ट्रे हाताला हलका लागला की. कोकोपीट सतत चिंब राहिलं की बुरशी देठाला बुडाशीच धरते आणि उभं रोप कोलमडतं, म्हणून गांडूळखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळायलाही तुम्हीच लावलंत. आणि शेंड्यांवरून रोज हलका हात फिरवायचा! हललेलं रोप कमी लांबतं, देठ भरतं. हे काम आमच्या लेकीने आनंदाने घेतलं.

शेवटच्या आठवड्यात पाणी थोडं तोडून रोपं सकाळच्या कोवळ्या उन्हात, आधी तासभर, मग वाढवत. टोमॅटो महिन्याभरात कुंडीत गेले; खालची पानं काढून देठ खोल पुरला, तिथूनही मुळं फुटतात म्हणालात तसा. मिरचीला आणखी दहा-बारा दिवस द्यावे लागले.

काका, नोकरीत शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन जे सांगितलंत, तेच तितक्याच आस्थेने माझ्या एका फळीसाठी सांगितलंत. मनापासून आभार.

वांग्याची रोपं तुमच्या कुंड्यांसाठी वेगळी काढली आहेत. रविवारी सकाळी आणून देते. फ्लॉवरचं बी कधी टाकायचं, तेही तेव्हाच विचारीन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शेजारीण