मृग उलटतो, निधी येत नाही : कीडसंशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पीकसंरक्षणावर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना हंगामापूर्वी निधी व तिसऱ्या हंगामाची सोय मिळण्याबाबत

महोदय,

मी राज्यातील एका कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात पीएच.डी. करते आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू कपाशीच्या घरातली आहे. गुलाबी बोंडअळी हा माझ्या प्रबंधाचा विषय असला, तरी तिची ओळख मला विद्यापीठात झाली नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या पऱ्हाटीवरची वरून धड दिसणारी बोंडे फुटली आणि आतून पांढऱ्या कापसाऐवजी पिवळी कवडी (किडका, खराब कापूस) निघाली, तेव्हा ती झाली. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते सारे आपल्या दप्तरी आहे, त्यामुळे मी त्याविषयी अधिक लिहीत नाही. मला लिहायचे आहे ते, अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून जी मुले-मुली शेतात आणि प्रयोगशाळेत काम करतात, त्यांच्या हाती पैसे कधी पडतात याविषयी.

आमचे काम कसे चालते ते आधी सांगते. कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागू लागल्या की हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या कृत्रिम गंधाने नरांना ओढणारे) लावायचे आणि त्यांत सापडलेले नर पतंग मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात ८ पतंग आले, की किडीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजायचे. फुले लागली की डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेल्या कळ्या, शोधायच्या. बोंडे धरली की दर आठवड्याला प्रत्येक शेतातून २० हिरवी बोंडे तोडून, नंबर टाकलेल्या कागदी पिशव्यांत भरून आणायची आणि संध्याकाळी टेबलावर चाकूने एकेक कप्पा उघडायचा. अंड्यातून निघालेली अळी लगेच बोंडात शिरते आणि तिच्या मागे ते छिद्र बुजून जाते, त्यामुळे बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा डागही दिसेल याची खात्री नसते. शिवाय लहान अळी गुलाबी नसते, पांढुरकी असते. गुलाबी रंग येतो तो ती मोठी झाल्यावर, आणि शेतकऱ्याला ती ओळखू येते तीही तेव्हाच. तोवर फवारणीचा उपयोग संपलेला असतो. तरीही फवारणी होतेच, कारण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ‘कोणतं औषध मारू?’ या प्रश्नाला उत्तर लगेच मिळते.

आता निधीचे सांगते. माझ्या पहिल्या हंगामात सापळे आणि त्यांत ठेवायचे गंधाचे आमिष, म्हणजे ल्यूर, यांचा खर्च मंजूर होता, परंतु रक्कम प्रत्यक्ष हाती आली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. ल्यूरचा गंध काही आठवडेच टिकतो आणि ते बदलत राहावे लागते, त्यामुळे एकदा उसनवारी करून भागत नाही. माझी अधिछात्रवृत्तीही तेव्हा सात महिन्यांची थकलेली होती. मार्गदर्शक सरांनी स्वतःच्या खिशातून ल्यूर आणून दिले, तोवर सप्टेंबर लागला होता. परिणामी माझ्या त्या वर्षीच्या आलेखात जुलै आणि ऑगस्टची जागा कोरी आहे, आणि पुढच्या किडीचा अंदाज ज्यावरून बांधायचा ते पतंगांचे पहिले आगमन नेमके याच दोन महिन्यांत असते. ही नोंद नंतर कितीही पैसे मिळाले तरी भरून काढता येत नाही. पुढे फेब्रुवारीत, ३१ मार्चपूर्वी उरलेली रक्कम खर्च करण्याची सूचना आली. फेब्रुवारीत शेतात काय मोजणार? आम्ही काचसामान घेतले. आमच्या प्रयोगशाळेत पेट्रीडिशची ददात नाही, एवढे मात्र मी अभिमानाने सांगू शकते.

मी येथे कोणत्याही कार्यालयाला दोष देत नाही. बहुतेक ठिकाणी माणसे नियमाप्रमाणे वागली, आणि मूळ अडचण नियमातच आहे. सरकारचे वर्ष एप्रिलला सुरू होते, मंजुरीची फाईल पावसाळाभर फिरते, आणि बोंडअळीचे वर्ष मृगानंतरच्या पेरणीपासून मोजले जाते.

दुसरी अडचण याहून कमी बोलली जाते. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीच्या, म्हणजे ॲग्रेस्कोच्या, बैठकीत एखादी शिफारस मान्य व्हायची, तर साधारणपणे तीन हंगामांची आकडेवारी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण एक वर्ष पावसाच्या खंडाचे, एक अतिवृष्टीचे निघाले तर दोन वर्षांवरून काहीच ठरत नाही. मात्र पीएच.डी.च्या प्रबंधात प्रत्यक्षात दोनच खरीप बसतात. दुसरा हंगाम संपला की विद्यार्थी लिहायला बसतो, मग नोकरी शोधायला निघतो आणि सापळे खोलीत जमा होतात. कोणी स्पर्धा परीक्षेकडे वळतो, कोणी कीटकनाशक कंपनीच्या विक्री विभागात जातो. घर चालवायचे असते, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. विद्यापीठांत रिक्त पदे असताना तिसरा हंगाम करायला कोणी उरत नाही, आणि शेतकऱ्याच्या कामी येऊ शकला असता असा निष्कर्ष ग्रंथालयाच्या कपाटात बांधून ठेवला जातो.

सलग नोंदींना किती महत्त्व असते, याचे उदाहरण नागपुरातच आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१० पासून अनेक वर्षे वेगवेगळ्या जिल्ह्यांतून गुलाबी बोंडअळी गोळा करून, बीटी कपाशीतील दोन्ही अळीनाशक प्रथिनांना ती कितपत दाद देते हे तपासत ठेवले. म्हणूनच बोलगार्ड २, म्हणजे ही दोन्ही प्रथिने असलेल्या बीटी कपाशीसमोर ही अळी प्रतिकारक्षम झाली आहे, हे निव्वळ तक्रार म्हणून नव्हे, तर मोजमापाने सांगता आले. हे काम दोन हंगामांत होण्यासारखे नव्हते.

राज्याने यापूर्वी असे काही केलेच नाही, असेही नाही. २००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० मध्ये क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावच्या शेतांतील निरीक्षणे एका ठिकाणी येऊ लागली. त्याआधी २००२ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा डोक्याच्या वर गेलेल्या उसात फवारणी करणे जवळजवळ अशक्य होते. त्या वेळी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी मावा आटोक्यात आणला, परंतु उसाच्या पानामागे मावा खात बसलेली ही बारीकशी अळी शत्रू नसून मित्र आहे, हे ओळखणारी, तिला वाढवून दुसऱ्या शेतात सोडणारी माणसे तेव्हा हाताशी होती. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यावर पोहोचली. पुढची कीड कोणती असेल ते कोणी सांगू नये, पण ती येईल तेव्हा पाच-सहा हंगाम शेतात काढलेला तिशीतला संशोधक जिल्ह्यात असावा, एवढी तयारी आज करता येईल.

त्यासाठी माझी विनंती अशी की, पीकसंरक्षणाच्या संशोधनाचा आकस्मिक खर्च आणि राज्याच्या अधिछात्रवृत्त्यांचा पहिला हप्ता १५ मेपर्यंत विद्यार्थ्याच्या खात्यात जमा व्हावा आणि न खर्चलेली रक्कम ३१ मार्चला परत न जाता पुढच्या हंगामासाठी वापरता यावी. ज्या प्रबंधाचे निष्कर्ष शिफारशीच्या जवळ पोहोचले आहेत, त्याच्या विद्यार्थ्याला पदवीनंतर त्याच शेतांवर आणखी एक हंगाम काम करण्यासाठी वर्षभराचे मानधन मिळावे. केंद्राची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. तेवढीच रक्कम धरली, तरी एका विद्यार्थ्याच्या तिसऱ्या हंगामाला वर्षाकाठी साडेचार लाखांच्या आत मानधन लागते. क्रॉपसॅपची जुनी आकडेवारी संशोधक विद्यार्थ्यांना साध्या अर्जावर मिळावी. प्रयोगाच्या फवारण्या आम्हीही करतो. तेव्हा हातमोजे, मुखपट आणि विमा यांची तरतूद प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच असावी, ती मार्गदर्शकाच्या चांगुलपणावर सोडू नये.

आणि ज्या प्रयोगात एखादे जैविक कीटकनाशक किंवा सापळ्याची पद्धत उपयोगी ठरली नाही, त्याचा निष्कर्षही विद्यापीठाने प्रसिद्ध करावा. ‘काही फरक आढळला नाही’ हे वाक्य लिहायला आमच्या पिढीचे विद्यार्थी घाबरतात, आणि त्यामुळे तोच प्रयोग दोन वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठात पहिल्यापासून होतो.

माझा प्रबंध येत्या वर्षात सादर होईल. माझ्या शेतांवर पुढे काम करू इच्छिणारी एक विद्यार्थिनी आहे. ती यंदा एम.एस्सी.ला आहे आणि बोंडे माझ्यापेक्षा भराभर उघडते. तिला ल्यूर जूनमध्ये मिळावेत.

आपली विश्वासू,
कीटकशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी