बाबांच्या कानांसाठी अकरा गाणी

बर्गन, नॉर्वे
२७ जून २०२१

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, मी ठीक आहे. फोन असताना पत्र लिहायचं कारण असं की बाबा फोनवर दोन वाक्यं बोलतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. वर्षभर हेच चाललंय. मला वाटायचं, मी येते येते म्हणून आले नाही, त्याचा राग असेल. कोरोनात विमानं नव्हती हे बाबांना कळतं, तरी बापाचं मन. गेल्या आठवड्यात मन्याने सांगितलं तेव्हा कुठे समजलं, की बाबांना फोनवरचं धड ऐकूच येत नाही. कानाचं यंत्र आणलंय आणि तेही कपाटात पडून आहे. आई, तू एका शब्दाने बोलली नाहीस.

मी रागावून लिहीत नाहीये. एका गाण्याने लिहायला बसवलं.

मी राहते त्याच गावातले दोन गायक आहेत, एर्लेंड ओये आणि आयरिक ग्लाम्बेक बोए. दोघांचा जन्म १९७५चा, शाळेपासूनचे दोस्त. 'किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्स' या नावाने गातात. दोन गिटार, दोन गळे, जोडीला कधी एखादं व्हायोलिनच्या जातीचं वाद्य. २००१ साली त्यांचा जो अल्बम गाजला त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'आता शांतपणा हाच नवा गोंगाट' असा होतो. २००९चा तिसरा अल्बम तर ताल धरणाऱ्या एकाही वाद्याशिवाय केला. आणि मग बारा वर्षं नवीन अल्बम नाही. मधल्या काळात एर्लेंड इटलीत, सिसिली बेटावरच्या सिराकुझाला राहायला गेला, आयरिक इथेच बर्गनला राहिला. जमेल तसे भेटत राहिले, पाच वर्षांत पाच शहरांत रेकॉर्डिंग केलं, आणि १८ जूनला चौथा अल्बम आला, 'पीस ऑर लव्ह'.

बाबा, ह्यांचं गाणं कसं असतं ते तुम्हाला सांगायचं तर आपली भजनाची डबलबारी आठवा आणि तिच्या बरोबर उलटं काहीतरी मनात आणा. डबलबारीत दोन बुवा एकमेकांसमोर ठाकलेले, पखवाज घुमतोय, मागे कोरस, आणि बुवांच्या डाव्या अंगाला झांज घेऊन तुम्ही. गजर सुरू झाला की मंडपाच्या पत्र्याला कंप सुटायचा. मी लहानपणी तुमच्या मागे सतरंजीवर झोपायचे, आणि झांज थांबली की जाग यायची. इथे हे दोघं शेजारी शेजारी बसतात. कोणी कोणावर चढायला जात नाही. एक ओळ धरतो, दुसरा तिच्या अंगाअंगाने चालतो, आणि थोड्या वेळाने कुठला आवाज कोणाचा हे सांगता येत नाही. घरात तान्हं मूल नुकतंच झोपलेलं असावं आणि दोन माणसं स्वयंपाकघरात बोलत असावीत, तेवढाच आवाज. तारेवरून बोट सरकताना 'सर्र' होतं तेसुद्धा ऐकू येतं, ओळीआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. दोन गाण्यांत कॅनडाची लेस्ली फाइस्ट त्यांच्यासोबत गायली आहे. तीही तशीच, पाय न वाजवता आत आल्यासारखी.

अकराच्या अकरा गाणी मला सारखीच भिडली असं नाही. माझं मन अजून २००९च्या अल्बमवर जास्त आहे. पण ह्यातलं 'रॉकी ट्रेल' नावाचं गाणं मी दहा दिवस सोडलेलं नाही. चाल अगदी हलकी, पायाने ठेका धरावा अशी. शब्द ऐकले आणि मी थांबले. त्यातला माणूस म्हणतो, तू खूण केली नाहीस, हात हलवला नाहीस, तर तुझ्या डोक्यावर एवढं ओझं आहे हे मला कळणार कसं? रात्रीचे अकरा वाजले होते. जूनमध्ये इथे त्या वेळीही उजेड असतो. बाहेर पाऊस. इथला पाऊस आपल्या कणकवलीसारखा चार महिन्यांत मोकळा होत नाही, वर्षभर रिपरिपत राहतो. मी खिडकीशी उभी राहून ते गाणं पाच वेळा ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मन्याला फोन लावून खोदून खोदून विचारलं.

इथे माझी एक मैत्रीण कानाची डॉक्टर आहे. तिने समजावलं ते सांगते. वयाने आणि वर्षानुवर्षं कानाजवळ मोठा आवाज झाल्याने बारीक, उंच आवाज आधी जातात. स, श, त, क ही अक्षरं त्यातच येतात. म्हणून बाबांना आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, आणि आई, तू ओरडून बोललीस तरी उपयोग होत नाही. झांजेने कान घेतले असतील, पण बाबांनी तीस वर्षं ती वाजवली ह्याचा मला अभिमान आहे. बाबा, यंत्र लावल्यावर तुम्हाला नुसता भांड्यांचा खणखणाट ऐकू आला म्हणून तुम्ही ते काढून ठेवलंत ना? सगळ्यांचं पहिल्यांदा तसंच होतं म्हणे. मेंदूला ते आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवात शांत खोलीत, तास-अर्धा तास लावून करायची.

म्हणून मला हाच अल्बम सुचला. मन्याकडून छोटा स्पीकर पाठवतेय. जेवणं झाली की टीव्ही बंद करा, यंत्र लावा, स्पीकर हातभर अंतरावर ठेवा आणि आवाज नेहमी बोलतो तेवढाच असू द्या. पहिलं गाणं 'रूमर्स'. इंग्रजी शब्दांच्या मागे लागू नका. आई, तूही शेजारी बस, भांडी नंतर घास. एका दिवशी दोन गाणी पुरेत. तारेवरचं ते 'सर्र' ऐकू आलं की मला फोन करा, बाबा. तुम्ही स्वतः करा आणि आईकडे देऊ नका. मी सावकाश आणि जाड आवाजात बोलेन.

तुमची,
बाय

ता. क. आई, तुझ्या गुडघ्याचं काय ते तूच लिही. मला मन्याकडून कळायला नको.