टूरचे पैसे अजून भरू नका

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

बाबा, तुमच्या क्रूझचा एजंटभाईंनी दिलेला कागद मिळाला. मार्सेय, जेनोआ, रोम, नेपल्स, पालेर्मो. प्रत्येक बंदरापुढे एक टूर आणि प्रत्येक टूरपुढे त्यांनी स्वतःच करून टाकलेली बरोबरची खूण. "टूर घेतली नाही तर बंदराबाहेर पडता येत नाही" असं ते तुम्हाला म्हणाले, हे वाचून मी माझ्या जहाजाच्या किचनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर परत मागा.

हे सगळं फोनवर सांगायला गेलो की जहाजाचं नेट तुटतं आणि आई "बरं बरं, तू जेवलास का" वर येते, म्हणून लिहून पाठवतोय. दांडिया बाजारात कुठेही छापून घ्या, मोठ्या अक्षरात, आणि आईच्या पर्समध्ये ठेवा.

या सगळ्या बंदरांत मी कित्येकदा उतरलोय आणि टूर एकदाही घेतलेली नाही. किचनमधल्या माणसाला ती परवडत नाही आणि तेवढा वेळही नसतो. दुपारचं जेवण आवरलं की रात्रीची तयारी सुरू होईपर्यंत दोन-तीन तास सुटी. तेवढ्यात गाव बघायचं, साबण-शाम्पू घ्यायचा, घरी फोन करायचा आणि परत यायचं. त्यामुळे धक्क्यावरून गावात कमीत कमी पैशात कसं पोचायचं, हे वरच्या डेकवरच्या टूर डेस्कपेक्षा खालच्या डेकवर जास्त चांगलं कळतं.

टूर म्हणजे काय ते आधी सांगतो. सकाळी जहाजाच्या थिएटरमध्ये जमायचं. छातीवर नंबराचा स्टिकर. बसभर माणसं गोळा होईपर्यंत बसून राहायचं, मग त्याच नंबराची पाटी धरलेल्या गाईडच्या मागे रांगेने जायचं. बघण्याच्या जागेला वीस मिनिटं, आणि चामड्याच्या नाहीतर पोवळ्यांच्या दुकानाला अर्धा तास. आईला मध्ये बसावंसं वाटलं तर बसता येत नाही, कारण पाटी पुढे निघालेली असते. तिच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही, एवढं एक कारण मला पुरेसं आहे. पैशांचं नंतर.

टूरचा एक खरा फायदा आहे. जहाजाची स्वतःची टूर उशिरा परतली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. आपले आपण गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

आता बंदरं. बघायचं एवढंच की धक्का गावातच आहे का गावापासून लांब.

नेपल्स आणि पालेर्मोला धक्का गावातच आहे. नेपल्सला स्तात्सिओने मारित्तिमाच्या, म्हणजे धक्क्यावरच्या टर्मिनलच्या, इमारतीतून बाहेर पडलात की समोर तेराव्या शतकातला काळ्या बुरुजांचा किल्ला, कास्तेल नुओव्हो. त्याच्या अलीकडे म्युनिचिपिओ चौक. माझे बहुतेक व्हिडिओ कॉल तुम्हाला याच चौकातून येतात. आई ज्याला "तुझ्या मागे सारखं खोदकाम का चाललेलं असतं" म्हणते, तो. मेट्रोचं स्टेशन बांधताना तिथे जुनी रोमन जहाजं सापडली, त्यामुळे काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. किल्ला डाव्या हाताला ठेवून दहा मिनिटं चालत गेलात की सान कार्लो थिएटर लागतं, १७३७ सालचं, आणि त्याच्या समोर गॅलेरिया उंबेर्तो. इथे बाबांनी खाली बघायचं. घुमटाखालच्या फरशीत बारा राशी मोझेकमध्ये बसवल्या आहेत. आपल्या बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्यातल्या दरबार हॉलची मोझेकची फरशीही इटलीच्याच पद्धतीची, व्हेनिशियन, आणि दोन्ही इमारती एकाच सुमाराच्या. राजवाडा १८९० चा, गॅलेरियाही त्याच वर्षांतली. फरक एवढाच की राजवाड्यात तिकीट काढून, आवाज न करता फिरायचं, आणि इथे आपापल्या राशीवर बूट ठेवून फोटो काढतात. आत बाकं फारशी नाहीत, पण कॉफीच्या दुकानात टेबलावर बसता येतं. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून प्यायली तर महाग. आईने बसूनच प्यावी. रस्ता ओलांडताना गाड्या थांबतील याची वाट बघू नका, मांडवीला ओलांडता तसंच चालायला लागा.

पॉम्पेईचं, म्हणजे नेपल्सजवळच्या जुन्या रोमन शहराच्या अवशेषांचं, वेगळं. एजंटभाईंच्या यादीतली ही एकच टूर मी तुम्हाला घ्या म्हणेन, तीही बाबांचा फारच हट्ट असेल तर. एरवी मेट्रोने गारिबाल्दी स्टेशन आणि तिथून चिर्कुमव्हेसुव्हियाना नावाची लोकल, ती पॉम्पेई स्काव्हीला अगदी प्रवेशदारासमोर सोडते. मी तसाच गेलो होतो, पण जातानाही आणि येतानाही उभ्याने, आणि खिशावर हात ठेवून. आतले रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या मोठमोठ्या दगडांचे आहेत, सावली कमी. आई, तू नेपल्सच्या चौकात बस. बाबांना एकट्याला स्टिकर लावून पाठव.

पालेर्मोला गेटबाहेर आलात की घोडागाडीवाले आणि तीनचाकी आपेवाले गराडा घालतील. होय, तीच आपे, जी आपल्याकडे बारामतीला बनते. इथे तिला फुलंबिलं रंगवून टूरिस्ट फिरवतात. बसायला हरकत नाही, मजा येते. पण भाडं माणशी की गाडीचं, एक तास की दोन, हे बसायच्या आधी कागदावर आकडा लिहून ठरवा. नाही बसलात तरी बिघडत नाही, तिथून तेआत्रो मास्सिमो या ऑपेरा थिएटरपर्यंत पंधरा-वीस मिनिटांची सपाट चाल आहे. वाटेत कुठेही 'पानेल्ले' दिसलं तर घ्या: हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. शुद्ध शाकाहारी. जेनोआला हेच पीठ पाण्यात कालवून, तेल-मीठ घालून मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजतात, नाव फारिनाता. मार्सेयला त्याच पिठाच्या तळलेल्या चकत्या, पानीस. म्हणजे आई, या अख्ख्या समुद्रभर तुला बेसन मिळणार आहे. ठेपले न्या, पण दहा दिवसांचे नको.

जेनोआही चालतंच. जहाज लागतं तिथून प्रिन्चिपे रेल्वे स्टेशन पाच-दहा मिनिटांवर, आणि पोर्तो आंतिको, म्हणजे जुनं बंदर, जिथे मत्स्यालय आहे, ते त्याच्या पुढे. गाव डोंगरावर चढत गेलेलं, गल्ल्या अरुंद. पण चढायचं नाही. पोर्तेल्लो चौकातून कास्तेल्लेत्तोला सार्वजनिक लिफ्ट जाते, १९०९ सालची, वर गेलं की सगळं बंदर आणि तुमचं जहाज दिसतं. जेनोआत एवढं बास.

मार्सेयला मात्र धक्का गावाबाहेर, सात-आठ किलोमीटरवर, मालाच्या गोदामांमध्ये आहे. चालायचा विचारसुद्धा नको. तिथून जोलिएत चौकापर्यंत बस मिळते. बंदराची मोफत बस वेगळी आणि जहाजाची पैसे घेणारी शटल वेगळी, जहाजाच्या शिडीवरून उतरल्यावर गणवेशातला पहिला माणूस पैशाच्या बसकडे बोट दाखवतो, म्हणून "फ्री बस?" एवढं विचारा. जोलिएतपासून समुद्राच्या कडेने, पट्टेरी दगडांच्या कॅथेड्रलवरून, जुन्या बंदरापर्यंत रमतगमत चालत जाता येतं. तिथून टेकडीवरच्या नोत्र-दाम द ला गार्द चर्चला ६० नंबरची बस किंवा टूरिस्टांची छोटी खेळण्यातली गाडी जाते. बाबा गाडीच म्हणणार, माहीत आहे.

रोम. यावर तुमचं एकमत होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. जहाज रोमला जातच नाही. ते चिव्हितावेक्कियाला लागतं आणि रोम तिथून सत्तरएक किलोमीटर, म्हणजे बडोदा-भरूच. टूरची सगळ्यात मोठी रक्कम याच दिवसाची आहे. आणि बाबा, ज्या माणसाने रेल्वेच्या प्रतापनगरच्या ऑफिसात गाड्यांच्या वेळांवर नोकरी काढली, त्याने हे अंतर बसने जायचं?

बंदराच्या आतली मोफत बस लार्गो देल्ला पाचे नावाच्या थांब्यावर सोडते. तिथून स्टेशनला गावातली बस, किंवा समुद्राच्या बाजूने वीसेक मिनिटं चाल. बस घ्या, चालणं रोमसाठी राखून ठेवा. स्टेशनवर 'रेजिओनाले'चं, म्हणजे साध्या गाडीचं, तिकीट काढा, पाचेक युरोंच्या घरात पडतं. इंटरसिटी या जलद गाडीला हे तिकीट चालत नाही. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून छाप मारून घ्यायचा. नाहीतर तिकीट असूनही दंड. तुम्ही टीसीशी वाद घालाल आणि जिंकणार नाही. समुद्राच्या बाजूची खिडकी पकडा, म्हणजे जाताना उजवी.

तेर्मिनी या रोमच्या मुख्य, शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊ नका. त्याआधी 'रोमा सान पिएत्रो' येतं, तासाच्या आत. तिथून सेंट पीटर्सचा चौक दहा-पंधरा मिनिटांवर. याच स्टेशनातून एक फाटा व्हॅटिकनच्या भिंतीत शिरतो. पोपचं स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे आत. गायकवाडांची १८६२ ची डभोई-मियागाम नॅरोगेज रेल्वे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगता, आता त्यात ही भर घाला. सेंट पीटर्सच्या चर्चमध्ये, म्हणजे बॅसिलिकात, जायला तिकीट नाही, पण तपासणीची रांग मोठी असते, आणि खांदे-गुडघे झाकलेले लागतात. आईची साडी बिनधास्त. बाबा, बर्म्युडा जहाजावरच ठेवा. तो दिवस बुधवार असेल तर मला कळवा, बुधवारी सकाळी पोपची सभा असते आणि आत जायला दुपार होते.

कोलोसियम बघायचंच असेल तर सान पिएत्रो सोडून पुढे ओस्तिएन्सेला उतरा, तिथून मेट्रो बी, दोनच स्टेशनं. पण एकतर हे, नाहीतर ते. दोन्ही नको. टूरवाले एका दिवसात चार दाखवतात आणि लोक संध्याकाळी डायनिंग हॉलमध्ये पायाला बर्फ मागतात. तो बर्फ आमच्याकडूनच जातो.

रोमच्या दिवशी एकच अडचण येऊ शकते, रेल्वेचा संप. पण इथला संप आपल्या १९७४ च्या रेल्वे संपासारखा नसतो. आधी जाहीर होतो, बहुधा एका दिवसाचा, आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ काही ठरलेल्या गाड्या चालवाव्याच लागतात. मी आधी बघून कळवतो. त्या दिवशी संप असेल तर रोमला जाऊ नका, चिव्हितावेक्कियातच समुद्रावर फिरा.

बार्सिलोनाला, जिथून तुमचं जहाज सुटतं आणि जिथे परत येतं, काळजी नाही. विमानतळावरून सामान घेऊन टॅक्सीच करा, तिथे काटकसर नको. शेवटच्या दिवशी सामान ठेवून फिरायचं असेल तर धक्क्यावरची बस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते, तिथून रांब्ला सुरू. त्या रस्त्यावर आईने मंगळसूत्र पदराखाली आणि पर्स पुढे.

आता वेळेचं. रोज रात्री खोलीत उद्याचा कागद येतो. त्यावर 'ऑल अबोर्ड' अशी एक वेळ छापलेली असते, जहाज सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधीची. ती वेळ शिडी चढून आत असण्याची. चालण्याच्या गावांत त्याच्या तासभर आधी धक्क्यावर या. रोमहून निघताना मात्र अशी गाडी पकडा की ती चुकली आणि पुढचीही चुकली तरी तिसरीने पोचता येईल. त्या कागदावर बंदरातल्या एजंटाचा नंबरही असतो, कागद खिशात असू द्या, पासपोर्टची झेरॉक्सही. जहाजावर अशा उशिरा धावत येणाऱ्यांना 'पियर रनर' म्हणतात, आणि त्यांना बघायला वरच्या डेकवर गर्दी जमते, लोक टाळ्या वाजवतात. शिडी काढल्यावर कॅप्टन कुणासाठी ती परत लावत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चाने जायचं.

तुमच्याबरोबर येणाऱ्या शेजारच्या काका-काकूंना टूर घ्यायच्या असतील तर घेऊ द्या, त्यांच्याशी वाद नको. संध्याकाळी जेवायला एकाच टेबलावर बसा म्हणजे झालं.

आई, गुडघ्याचा पट्टा नवीन घे, जुना सैल झालाय. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

तुमचाच,
धाकटा

ता. क. एजंटभाईंना फक्त "जहाजावर चढल्यावर बघू" एवढं सांगा. टूर जहाजावरच्या डेस्कवर जागा असेपर्यंत मिळतात. पॉम्पेईची घ्यायचीच ठरली तर ती पहिल्याच संध्याकाळी घ्या, ती लवकर भरते.